आबांनी ठरवलेलं माझं साल

पोस्टडॉक म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला कळत नव्हतं तोवर सगळं बरं चाललं होतं. कळलं आणि घोटाळा झाला.

पीएचडीचा प्रबंध देऊन मी हैदराबादहून वडीगोद्रीला घरी आल्ते. नवं शतक नुकतंच लागलं होतं. हायवेला लागून आमचं खत-बियाण्याचं दुकान, दुकानाच्या मागं घर, आणि त्याच्याही मागं शेत. दुकानात आबा, म्हणजे माझे वडील. घरात आई. शेतात आमचा सालगडी, त्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. आणि मी, तिशीला टेकलेली, बिनलग्नाची, बिननोकरीची, दिवसभर कागदावर खरडत बसणारी.

मी काय करते याबद्दल लोकांची आपापली मतं होती. क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की लोक पहिला शब्द सोडून द्यायचे आणि दुसरा घट्ट धरायचे. शेजारचा ढाबेवाला एक दिवस कॅल्क्युलेटर घेऊन आला. त्याच्यात रस्सा गेल्ता. मी म्हटलं, काका, मला हे येत न्हाई, माझं काम कागदावरचं असतं. ते आईला म्हणाले, "इतकं शिकून बी?" माझं डोकं फिरलं. मी तो उघडला, पुसला, उन्हात ठेवला, आणि तो चालू झाला. माझ्या उभ्या करिअरमध्ये माझ्या हातानं चाललेलं ते पहिलं यंत्र. मग काय, दुसऱ्या दिवसापासून मिक्सर, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यायला लागलं.

आबांना मात्र खरंच समजून घ्यायचं होतं. माणूस चौकस. एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा म्हणाले, "बस. सांग मला, तू करती काय नेमकं."

मी सांगितलं की एक अणू घ्यायचा, त्याला सापळ्यात पकडायचं.

"सापळ्यात? उंदराच्या?"

"तसाच समजा. विजेचा असतो."

"बरं. पकडला. मंग?"

"मग त्याच्यात एक गोष्ट साठवून ठेवायची. पण त्याला जरा कशाचा धक्का लागला, उजेडाचा एवढासा कण येऊन आदळला, तरी साठवलेलं बिघडतं. आणि बघायला गेलं तरी बिघडतं. तर न बघता ते दुरुस्त कसं करायचं, ते माझं काम."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "न बघता दुरुस्ती तर आपला मोटर रिवाइंडिंगवाला बी करतो," म्हणाले.

आई दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "विरजण लावलेलं दूध हलवू नये, तसंच ना ते?" मी म्हटलं, हो, बराबर तसंच. "मंग त्याला संशोधन कामून लागतं? हलवू नका म्हणावं लोकांना." 

"आणि असे किती अणू लागतेत त्या कॉम्प्युटरला?" आबांनी विचारलं.

"लागतील लाखांनी. सध्या बोटावर मोजण्याइतके जमलेत."

आबांनी टेबलावरचा ढाबेवाल्याचा कॅल्क्युलेटर उचलला, खालीवर करून बघितला आणि परत ठेवला.

इथवर ठीक होतं. पण त्याच आठवड्यात मला ऑस्ट्रियातल्या एका प्राध्यापकांची ईमेल आली. अंबडला एक सायबर कॅफे होता, तिथं मी बसनं जाऊन ईमेल बघायची. प्राध्यापकांना माझं काम आवडलं होतं. त्यांच्याकडं पोस्टडॉकची जागा होती, आणि त्यांना फोनवर मुलाखत घ्यायची होती. मी तिथून नाचतच घरी आले आणि जेवताना सांगून टाकलं.

"पर्मनंट?" आबा.

"न्हाई. पोस्टडॉक पर्मनंट नसतं. एका वर्षाचं असतं. काम बघून पुढचं वर्ष देतात. मग दुसरीकडं कुठंतरी बघायचं. असं करत करत कुठंतरी पक्की नोकरी लागते. किंवा लागत न्हाई."

आबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे दुसऱ्याच्या वावरात, वर्षाच्या बोलीवर, काम बघून पुढचं साल."

"वावर न्हाई, प्रयोगशाळा."

"म्हणजे साल," आबा म्हणाले. "पोरगी सालानं राहायला चालली."

आता हे आमच्याकडचं न्हाई त्याला सांगायला पाहिजे. आमच्या भागात पाडव्याला साल ठरतं. गडी मालकाकडं वर्षभरासाठी राहतो. पैशाची बोली होते, पण तेवढ्यावर भागत न्हाई. ज्वारी किती, घोंगडं द्यायचं का, पायात चप्पल कोण घालणार, पोळ्याला कपडे, सणाला सुट्टी, सगळं बोलून घ्यायचं. मग पुढच्या पाडव्यापर्यंत मालकानं काढायचं न्हाई आणि गड्यानं जायचं न्हाई. आणि पोरगं पहिल्यांदाच सालाला लागत असंल तर बोलणी त्यानं स्वतः करायची नसतात. बाप येतो, मालकाच्या ओसरीवर बसतो, चहा पितो, आणि पोराचं साल बोलतो.

मी पोस्टडॉकची शंभर वर्णनं ऐकलीत, पण इतकं तंतोतंत जुळणारं न्हाई. अडचण एवढीच की आबांच्या लेखी ती शोभेची गोष्ट नव्हती. आपल्या घरानं गडी ठेवले, आपल्या घरातलं कुणी सालानं गेलं न्हाई, हे त्यांचं म्हणणं. शिवाय घनसावंगीकडं एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची जागा निघणार होती. पर्मनंट, पेन्शनची. आबांनी तिथं शब्द टाकून ठेवलेला. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये," ते म्हणाले. "आणि जायचंच असंल तर मालकाशी मी बोलणार. मालकाला न बघता साल करत न्हाईत."

"आबा, तिकडं असं नसतं. तिकडं बाप बोलत नसतो."

"तिकडं बाप नसतेत का?"

मी ताटावरून उठले. म्हटलं, मी शिकले कशाला मग? त्या दिवसापासून आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही बोलले न्हाई. त्यांचीच पोरगी ना. आमच्यामधलं सगळं बोलणं आईच्या मार्फत चालायचं, आणि आम्ही तिघंही एकाच खोलीत बसलेलो असायचो. "तिला म्हणावं मीठ दे इकडं." "त्यांना म्हणावं मीठ त्यांच्या कोपराजवळच हाये." आई बिचारी मीठ उचलून अर्धी वीत सरकवायची. घरात खूश होता तो फक्त मामा. मी सालानं जाणार हे कळल्यावर तो पारावर सांगत सुटला, आणि मला भेटून म्हणाला, "पहिलं साल जड जातंय बाई. मंग सवय होती."

गमतीचा भाग सोडा, पण मला रात्री झोप येत नव्हती. त्या विषयात तेव्हा सगळ्या जगात काम करणारे थोडे, जागा त्याहून थोड्या. ही गेली तर मी घनसावंगीला घर्षणाचे नियम शिकवत म्हातारी होणार, हे मला दिसत होतं. घर्षणाचे नियम वाईट असतात असं न्हाई. पण मला तो अणू पाहिजे होता.

तेव्हा मी हुशारी केली. फोन आमच्याकडं एकच, दुकानात, आबांच्या टेबलावर. आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून तो स्पीकरवाला घेतलेला, आणि आबा बोलायला लागले की हायवेपलीकडच्या पंक्चरवाल्यालाही निम्मं समजायचं. तर मी प्राध्यापकांना अंबडच्या बाजाराचा वार दिला. त्या दिवशी आबा जेवण करून जीपनं अंबडला जायचे ते दिवेलागणीला परत. फोन अडीचला येणार. आबा दीडच्या आत गेलेले. मी हातपाय धुऊन, चांगला ड्रेस घालून, टिपणं घेऊन टेबलाशी बसणार. सगळं चोख.

एक बारीकशी गोष्ट मला माहीत नव्हती. तिकडं मार्चच्या शेवटी सगळा देश आपली घड्याळं तासभर पुढं सरकवतो. कामून, तर उजेड वाया जाऊ नये म्हणून. आमच्याकडं उजेड वाया घालवायला बारा महिने पडलेला असतो, आम्हाला हे कुठून सुचणार. सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात अणूला काय होतं याचा हिशोब मी करत होते, आणि माझा अख्खा एक तास हरवला होता. अडीचचा फोन दीडलाच येणार होता.

त्या दिवशी आमच्या मागच्या ओसरीवर पापड होते. उडदाचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या आळीतल्या बाया एकेकीच्या घरी जमतात, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, आणि त्या घरचे पापड लाटून देतात. आमची पाळी नेमकी त्याच दिवशी आल्ती. मी दोन वाजेपर्यंत मोकळी होते, म्हणून लाटायला बसले. आणि पापड लाटताना लाट्या खायच्या असतात, म्हणजे त्या पिठाचे गोळे, तेलात बुडवून. ज्यांनी खाल्ल्या न्हाईत त्यांच्यासाठी सांगते, लाटी तोंडात टाकली की ती वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींना चिकटवून टाकते. चवीला फार छान. बोलणं तेवढं बंद होतं.

माझ्या तोंडात नुकतीच दुसरी लाटी गेल्ती, एवढ्यात दुकानातून एक गिऱ्हाईक मागच्या दारी आलं. ओळखीचे शेतकरी, युरिया न्यायला आलेले. म्हणाले, "बाई, आबा तुमच्या फॉरेनच्या सायबासंगं बोलून राह्यलेत."

मी लाटणं घेऊनच उठले.

"तसं बराबर चाललंय," ते म्हणाले. "जवारीवर अडलंय फक्त."

मी धावत दुकानात गेले. आबा अंबडला गेले नव्हते. खुर्चीत ताठ बसले होते, धुतलेलं धोतर, परीटघडीची टोपी. समोर खताच्या पोत्यांवर दोन-तीन गिऱ्हाइकं मांडी घालून बसलेली. फोन स्पीकरवर. मला बघितलं आणि आबांनी तळहात वर केला. चूप.

आता आबांना इंग्रजी येत न्हाई. पण त्यांची चौथीपर्यंतची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली, आणि पुढचा सगळा धंदा जालन्याच्या व्यापाऱ्यांशी दख्खनीत. आणि नशीब बघा, पलीकडं प्राध्यापकांच्या शेजारी त्यांचाच एक पोस्टडॉक बसला होता, तो लाहोरचा. तो मधे दुभाष्या झालेला. एका बाजूला लाहोरची साजूक उर्दू, दुसऱ्या बाजूला आबा.

"ज्वारी नै मिलती बोले तो खाएंगी क्या वो?" आबा विचारत होते.

"जनाब, यहां गेहूं का आटा मिलता है," लाहोरकर म्हणाला. त्याचा आवाज जरा थरथरत होता. हसू दाबत होता बिचारा.

"गेहूं गरम पडता. पर चलो. कंबल?"

पलीकडं इंग्रजीत कुजबुज झाली. प्राध्यापकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, की ते गंभीरपणे विचारत होते, ब्लँकेट एक की दोन.

"एक बस. पर ऊन का होना."

"ऊन का होगा."

"और चप्पल?"

"जनाब, यहां बर्फ पडती है. चप्पल में पांव जम जाएंगे."

"तो बूट. साल को एक जोड. मोटे तल्ले का."

"मंजूर."

मी लाटण्यानं खुणा करत होते, बंद करा, बंद करा. तोंड उघडत नव्हतं. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. पोत्यावरचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "बाई, चांगला मालक दिसतो. घासाघीस करत न्हाई."

"पोले को छुट्टी होना," आबा म्हणाले.

"पोला क्या है?"

"बैलों का त्योहार."

लाहोरकरानं भाषांतर केलं. मग प्राध्यापकांनी काळजीच्या सुरात विचारलं की अर्जदाराकडं बैल आहेत का.

"हौ. दो हैं," आबा म्हणाले. "एक जरा मारता."

हेही भाषांतर झालं. मी युरियाच्या पोत्यावर बसले. म्हटलं, संपलं. माझा प्रबंध, माझे कागद, माझी सहा वर्षं, सगळं त्या मारक्या बैलाच्या शिंगावर गेलं. घनसावंगीच्या त्या वर्गातला खडूचा वास मला तिथं बसल्या बसल्या यायला लागला.

आबांनी खाकरून घसा साफ केला. "देखो साहब. हम पेशगी नै लेते. एक ही बात है. बीच साल में निकालना नै. काम नै जमा तो बोलना, सिखाना, डांटना. पर साल पूरा करना."

लाहोरकराच्या आवाजातलं हसू एकदम गेलं. त्यानं हे फार सावकाश भाषांतर केलं. नंतर मला कळलं की त्याच्या आधीच्या जागी त्याला सहा महिन्यांत प्रकल्पाचे पैसे संपले म्हणून काढून टाकलं होतं. मग प्राध्यापकांचं उत्तर आलं: साल पूर्ण होईल, शब्द देतो. पण तिनंही मधेच सोडून जायचं न्हाई.

"हमारे घर का आदमी साल तोडता नै," आबा म्हणाले. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यात बघितलं. मी मान हलवली. दुसरं काही करायला तोंडात जागाच नव्हती.

"लो," आबा फोनला म्हणाले. "अब तुमको जो पूछना है लडकी को पूछो." आणि स्वतः खुर्चीतून तसूभर हलले न्हाईत.

मी वाकून फोनवर नमस्कार केला. काय आवाज निघाला देव जाणे. प्राध्यापकांनी विचारलं की लाइन खराब आहे का. मी पाठ फिरवून बोटानं लाटी काढली, ड्रेसच्या ओढणीला पुसली, आणि सुरू केलं. ते प्रश्न विचारत गेले, मी उत्तरं देत गेले. बघितल्याशिवाय चूक कळते कशी, कळली तर सुधारते कशी, एक अणू बिघडला तर बाकीचे त्याला कसे सांभाळून घेतात. पोत्यावरची मंडळी कीर्तनाला बसल्यासारखी ऐकत होती. मधेच एकजण रस्त्यावरून ओरडत आत आला, "आबा, दहा-सव्वीस खत हाये का?" आबा म्हणाले, "बस खाली. परीक्षा चालू हाये." तो बसला. एका प्रश्नाला मी थांबले, उत्तर येईना, आणि सगळं दुकान श्वास धरून माझ्याकडं बघत राहिलं. मग मला सुचलं. मी फटाफट सांगून टाकलं. पलीकडून "गुड" आलं. हा एक शब्द सगळ्यांना कळला. एकानं दुसऱ्याला टाळी दिली.

फोन संपला तशी मी आबांवर तुटून पडले. वाटोळं केलंत तुम्ही माझं, म्हटलं. जगात कुणाच्या मुलाखतीत चपलेची बोली झाली न्हाई. तो माणूस आता काय म्हणत असंल. कुणाचं ऐकायचं न्हाई, विचारायचं न्हाई, सगळं आपल्याच मनाचं. मी रडत होते, आणि रडताना नाकाला हिंग आणि पापडखार लागला तो वेगळाच.

आबा दहा-सव्वीसचं पोतं मोजून देत होते. म्हणाले, "तुझं साल ठरलं. पाडव्याआधी ठरलं. आता जाऊन पापड लाट, बाया खोळंबल्यात."

मी मागं ओसरीवर जाऊन बसले. बायांपैकी एकीनं तेलाची वाटी पुढं सरकवली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पाडवा झाला. घनसावंगीहून निरोप आला की जागेची जाहिरात निघतेय, कागदपत्रं तयार ठेवा. आबांनी तो निरोप आईला सांगितला, आईनं मला सांगितला, आणि मी शेजारीच बसले होते. मी अंबडला जाऊन आले. ईमेल न्हाई. परत गेले. न्हाई. तिसऱ्या खेपेला आली. जागा दिली होती. एका वर्षाची, काम बघून पुढं वाढवायची. सगळ्या अटी रीतसर लिहिलेल्या, आणि सगळ्यात खाली एक ओळ: तुमच्या वडिलांशी ठरलेल्या वस्तू आल्यावर मिळतील.

मी कॅफेतून फोन केला दुकानात. आबांनी उचलला. "झालं माझं," मी म्हटलं. "मी तर तवाच सांगितलं," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला. घनसावंगीला त्यांनी दुसऱ्या दिवशी न्हाई म्हणून कळवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, पोरगी दुसरीकडं सालाला लागली. त्यात लाज वाटायची ती गेली कुठं, कुणास ठाऊक.

निघायच्या आधी ढाबेवाल्या काकांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या बाजारच्या दिवशी आबा जेवण झाल्यापासून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहायचे, जीप थांबायची, आणि आबा म्हणायचे, जागा न्हाई, जाऊ द्या. "जीप मोकळी असायची गं," काका म्हणाले. फोनचं मी आईला तेवढं सांगितलं होतं, तिनंच आबांना सांगितलं असणार. मला वाटलं, बघा, मालकाला तपासल्याशिवाय सोडायचंच नव्हतं ह्यांना. मला पुन्हा राग आला, पण तोवर सामान बांधून झालं होतं.

ऑस्ट्रियात गाडीतून उतरले तर फलाटावर एक उंच, पिकल्या दाढीचे गृहस्थ उभे. बगलेत करड्या रंगाचं लोकरीचं ब्लँकेट, हातात बुटांचं खोकं. शेजारी लाहोरकर, हसून लाल झालेला. प्राध्यापकांनी हात मिळवायच्या आधी दोन्ही वस्तू माझ्या ताब्यात दिल्या. बूट दोन नंबर मोठे निघाले. मागाहून माप विचारायला त्यांनी दुकानात फोन केल्ता, तेव्हा आबांनी सांगितलेलं म्हणे, बडा लेना, पांव बढता. मी तेव्हा तिशीची होते.

ते वर्ष मी मोजे दोन-दोन चढवून ते बूट घातले. अणू पकडला, बिघडवला, परत पकडला. पोळ्याला प्राध्यापकांनी न विसरता मला सुट्टी दिली आणि संध्याकाळी बैल कसे आहेत म्हणून विचारलं. पहिलं साल जड जातं हे मामानं सांगितलेलं खरं होतं, पण मला मुदतीच्या आत पळून जावंसं वाटलं तेव्हा आबांचा तो "तोडता नै" आठवायचा, आणि मी चिडून परत कामाला बसायची.

साल भरत आलं तेव्हा प्राध्यापकांनी मला बोलावलं न्हाई. त्यांनी लाहोरकराला बोलावलं आणि वडीगोद्रीला फोन लावला. मी तिथंच होते, पण मला गप्प बसायची खूण केली. त्यांनी विचारलं, मुलीला अजून एक वर्ष ठेवायची इच्छा आहे, तुमची हरकत न्हाई ना.

"काम को कैसी है?" आबांनी विचारलं.

"बहोत अच्छी है, जनाब."

मागं ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग आबा म्हणाले, "तो रखो. पर बूट नये देना."

लाहोरकराचं साल मात्र तेव्हाच संपत होतं, आणि पुढचं मिळालं नव्हतं. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या प्रयोगशाळेत निघाला होता. आमच्या धंद्यात हे असंच, माणसाची ओळख झाली की त्याचं सामान बांधून झालेलं असतं. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी यायची होती. तो म्हणाला, एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुझ्या वडिलांनी कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं, पण आता मीच चाललोय.

त्या दिवशी फोन लागला तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं होतं, ती नसेल तर थोड्या वेळानं करू का. आबा म्हणाले होते, थांबा, ती यायच्या आधी मला बोलू द्या. आणि मग ज्वारी, कंबल, चप्पल, काहीही सुरू व्हायच्या आधी ते म्हणाले होते, "लडकी बहोत होशियार है साहब. मेरे पास रही तो बरबाद हो जाएंगी. तुम रख लो. बस, उसको ठंडी सहन नै होती. और उसको ये बोलना नक्को, सर पे बैठती."

गाडी आली, तो गेला. मी तिथूनच, स्टेशनबाहेरच्या फोनवरून, दुकानात फोन लावला. आबांनी उचलला.

"कोण हाये? बोला जल्दी, गिऱ्हाईक उभं हाये," आबा म्हणाले.

"मी हाये आबा. काही न्हाई. सहज केला." "इथं अजून बर्फ पडून राह्यलाय."

"मंग बूट घाल," आबा म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.